दर कोअरी हिशेबाला उत्तर

एक्सेलच्या तक्त्यात पाच रकाने असतात. प्रोसेसरचं नाव, कोअर किती, किंमत किती, बेंचमार्कचा आकडा किती, आणि शेवटी किमतीला कोअरनं भागून आलेला भाव. शेवटच्या रकान्यावर क्लिक करून तक्ता चढत्या क्रमानं लावायचा, सगळ्यांत वर आलेल्या ओळीत पिवळा रंग भरायचा आणि कोटेशन मागवायचं. सर्व्हर किंवा वर्कस्टेशन घ्यायला निघालेल्या बहुतेक ऑफिसांत मी हा तक्ता पाहिलेला आहे. एकदा तर तो मीच केला होता. त्यामुळे या लेखातला थोडा राग स्वतःवरचाही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तक्तेवाले अडाणी नसतात. त्यांचं म्हणणं असं: प्रोसेसरच्या बाजारात ब्रँडची पुण्याई विकली जाते, सेल्समन गोड बोलतो, आणि ‘मोठ्या कंपन्या हेच वापरतात’ हा युक्तिवाद म्हणजे विचार न करण्याचा परवाना. या सगळ्यातून सुटायचं तर जे मोजता येतं तेच धरावं. कोअर मोजता येतात, किंमत मोजता येते. बाकी सगळं मत.

हे म्हणणं हवेतून आलेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एएमडीनं ‘रोम’ पिढीचा ईपिक ७७४२ आणला. ६४ कोअर, यादीतली किंमत ६,९५० डॉलर. समोर इंटेलचा झिऑन प्लॅटिनम ८२८० होता, २८ कोअरचा, १०,००९ डॉलरचा. भागाकार केला तर एका कोअरला पहिल्याकडे १०९ डॉलर पडत होते, दुसऱ्याकडे ३५७. तिपटीहून जास्त फरक. त्या वर्षी ज्यांनी तक्ता केला ते जिंकले आणि ज्यांनी जुन्या सवयीनं ऑर्डर दिली त्यांनी बराच पैसा घालवला. तक्त्याची अब्रू बनली ती तेव्हा.

पण हत्ती आणि घोडा यांत जड कोण हे सांगायला तराजू लागत नाही. २०१९ ची दरी इतकी रुंद होती की कोणतीही फूटपट्टी लावली असती तरी उत्तर तेच आलं असतं. त्यावरून फूटपट्टी बरोबर ठरत नाही. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर १२८ कोअरपर्यंत आणि त्याच्याही पुढे गेलेत, एकेका कंपनीच्या यादीत वीस-वीस, तीस-तीस नावं आहेत, आणि इथे तीच पट्टी सर्रास चुकीची ओळ पिवळी करते.

तक्तेवाल्यांना ज्याचा सर्वांत जास्त राग येतो तिथूनच सुरुवात करू. एएमडीच्या यादीत आकड्यामध्ये ‘एफ’ अक्षर असलेले प्रोसेसर असतात. मार्च २०२१ मधल्या ‘मिलान’ पिढीतला ७२एफ३ घ्या. कोअर फक्त आठ, किंमत २,४६८ डॉलर. त्याच पिढीतला ७७६३ हा ६४ कोअरचा, ७,८९० डॉलरचा. म्हणजे एका कोअरला इकडे ३०८ डॉलर आणि तिकडे १२३. एकाच कंपनीचा, एकाच पिढीचा, एकाच आराखड्याचा कोअर अडीचपट भावानं! तक्त्यात ७२एफ३ तळाला जातो आणि कुणीतरी म्हणतं, ‘ही तर शुद्ध लूट.’

आता त्या यंत्रावर काय चालणार आहे ते विचारा. समजा ओरॅकलचा डेटाबेस, एंटरप्राइज एडिशन. त्याचा परवाना यादीभावानं ४७,५०० डॉलरला एक असा मिळतो, आणि झिऑन-ईपिकसारख्या प्रोसेसरवर दोन कोअरमागे एक परवाना धरतात. म्हणजे एका कोअरच्या डोक्यावर २३,७५० डॉलरचं सॉफ्टवेअर बसलेलं आहे. शिवाय दरवर्षी त्याच्या २२ टक्के सपोर्टचे. या कोअरची स्वतःची किंमत १२३ डॉलर की ३०८, यावर आपण भांडतोय. फरक १८५ डॉलरचा. परवान्याचा एक टक्का होतो २३७ डॉलर. म्हणजे महागडा कोअर एका टक्क्यानं जरी जास्त काम करत असेल तरी तो स्वस्त पडला.

प्रत्यक्षात तो एक टक्क्यावर थांबत नाही. ७२एफ३ चा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्‌झ, ७७६३ चा ३.५. सगळे कोअर कामाला लागल्यावर हमी असलेला वेग पहिल्याचा ३.७ आणि दुसऱ्याचा २.४५. त्याहून महत्त्वाची गोष्ट कॅश मेमरीची (उच्चारावरून रोख रक्कम वाटते, आणि या बाजारात ती तशीच आहे). दोन्ही चिपांवर ती २५६ मेगाबाइट. फक्त एकीकडे ती आठ कोअरांत वाटली जाते, एकेकाला ३२ मेगाबाइट; दुसरीकडे चौसष्टांत, एकेकाला चार. डेटाबेसची इंडेक्सं चाळणाऱ्या कोअरला या फरकानं काय होतं हे ज्यानं कधी एखादी अडकलेली क्वेरी बघत रात्र काढली आहे त्याला समजावून सांगायला नको.

तक्तेवाले इथे एक रास्त हरकत घेतात, तीही नोंदवतो. आठ कोअरच्या यंत्रालाही पूर्ण मदरबोर्ड, पेटी, पॉवर सप्लाय, रॅम लागते. हा खर्च चौसष्ट कोअरांत वाटला गेला की नगण्य होतो, आठांत वाटला की बोचतो. बरोबर. धरा ही सगळी सामग्री ५,००० डॉलरची. आठांत एकेकाला ६२५, चौसष्टांत ७८. हा फरक आधीच्या १८५ मध्ये मिळवला तर कोअरमागे साधारण ७३० डॉलर होतात, म्हणजे परवान्याच्या तीन टक्क्यांच्या जरा वर. कमाल वेगातला फरकच सतरा टक्क्यांचा आहे. मोठ्या गिऱ्हाइकाला ओरॅकल भरघोस सूट देते, तीही धरा; निम्मी सूट मिळाली तरी हिशेब उलटत नाही. आणि हे एकट्या ओरॅकलचं नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर आणला. व्हीएमवेअर २०२० पर्यंत सॉकेटवर पैसे घेत होती, मग एका परवान्याला ३२ कोअरांची मर्यादा आली आणि ब्रॉडकॉमनं कंपनी विकत घेतल्यावर कोअरमागे वर्गणी. ज्यांनी २०१९ मध्ये तक्ता पाहून ‘दोन सॉकेट, एकशे अठ्ठावीस कोअर’ म्हणून पाठ थोपटून घेतली, त्यांनाच पुढे त्या एकेका कोअरचं भाडं भरावं लागलं. हार्डवेअर स्वस्त घेण्याच्या नादात सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात आपणच पावतीपुस्तक दिलं.

‘आमच्याकडे ओरॅकल नाही’ असं म्हणून सुटता येत नाही. आमच्याकडेही नव्हता.

भोसरीतल्या आमच्या ऑफिसात काम आहे प्रवाह-गणनेचं. पंपाच्या पोटातून पाणी कसं फिरतं, शेडमधली गरम हवा कुठून बाहेर पडते, असले प्रश्न. सॉल्व्हर फुकट मिळणारा, मुक्त स्रोताचा, म्हणजे परवान्याची भानगडच नाही. मी तक्ता केला, पिवळा रंग भरला आणि चौसष्ट कोअरचं वर्कस्टेशन घेतलं. आल्या दिवशी टास्क मॅनेजरमधले चौसष्ट चौकोन बघायला वरच्या मजल्यावरचे अकाउंटवालेही आले होते. मग खरी केस लावली. सोळा कोअरांवर जेवढ्या वेळात सुटत होती त्याहून बत्तीसवर थोडी लवकर सुटली. चौसष्टवर? बत्तीसएवढ्याच वेळात, आणि एका केसमध्ये त्याहून उशिरा. डीलरला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, ‘सर, कोअर तर सगळे शंभर टक्के दाखवतायत ना?’ दाखवत होते. कोअर शंभर टक्के व्यग्र होते, वाट बघण्यात.

यात चूक ना डीलरची, ना चिप बनवणाऱ्याची. प्रवाह-गणनेचा सॉल्व्हर मेमरीतून ढीगभर आकडे आणतो, प्रत्येकावर दोन-चार बेरजा-गुणाकार करतो आणि परत ठेवून देतो. पंगतीला चौसष्ट पानं मांडलीत आणि वाढपी चारच, अशी ही स्थिती. जेवणाऱ्यांना भूक कितीही असो, पंगत उठायची ती वाढप्यांच्या वेगानं. हे चार वाढपी म्हणजे मेमरीचे चॅनल, आणि तक्त्यात त्यांचा रकानाच नव्हता.

बाजारातलं उदाहरण घ्यायचं तर थ्रेडरिपर ३९९०एक्स. फेब्रुवारी २०२०, ६४ कोअर, ३,९९० डॉलर. वर्कस्टेशनच्या जगात तेव्हा याच्या जवळपासही कुणी नव्हतं आणि दर कोअरी भाव जेमतेम ६२ डॉलर. पण चॅनल चार. डीडीआर४-३२०० रॅम लावली की कागदोपत्री सेकंदाला १०२.४ गिगाबाइट, चौसष्टांत वाटा, एकेकाच्या पानात १.६. त्याचाच भाऊ थ्रेडरिपर प्रो ३९७५डब्ल्यूएक्स ३२ कोअरचा, २,७४९ डॉलरचा, म्हणजे कोअरमागे ८६ डॉलर. तक्त्यात हा सपशेल हरतो. पण याला चॅनल आठ: २०४.८ गिगाबाइट, कोअरमागे ६.४. चौपट. मोठी रॅम लावायची तर पहिला २५६ गिगाबाइटवर थांबतो, दुसरा दोन टेराबाइटपर्यंत जातो. आमच्या कामाला निम्म्या कोअरचा हा प्रोसेसर पहिल्याहून सरस आणि वर बाराशे डॉलर स्वस्त. तक्ता मात्र म्हणणार, कोअरमागे महाग! आणि ३९९०एक्सच्या धाग्यांची (थ्रेड्सची) संख्या १२८. विंडोज एका गटात ६४ पेक्षा जास्त धरत नाही, म्हणून जे प्रोग्राम गट ओलांडायला शिकलेले नव्हते त्यांना अर्धाच प्रोसेसर दिसायचा. हा रकाना कोण घालणार?

मग हुशार तक्तेवाले एक पायरी मागे सरकतात. ‘ठीक आहे, कोअर सोडा. बेंचमार्कचा आकडा घ्या. त्यात मेमरी, कॅश, वेग सगळं आपोआप आलं.’ हा जास्त भक्कम बुरूज आहे. त्याला दोन खिंडारं आहेत.

पहिलं खिंडार: आकडा कुणी आणि कसा काढला. सर्व्हरच्या जगात सर्वांत मान असलेली चाचणी म्हणजे स्पेक सीपीयू. ती चालवणाऱ्या संस्थेनंच फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल प्रोसेसरांचे २,६०० पेक्षा जास्त प्रकाशित निकाल आक्षेपार्ह ठरवले. इंटेलच्या कंपायलरनं त्या चाचणीतल्या एका प्रोग्रामसाठी खास सोय करून ठेवली होती. तिचा त्या एका प्रोग्रामबाहेर फारसा उपयोग नव्हता. पेपर फुटला होता म्हणा. मी इथे इंटेलवर दात धरत नाही. एएमडीचे आकडेही एएमडीच्या प्रयोगशाळेतून येतात. ‘मिलान-एक्स’ आणताना एएमडीनं दाखवलं की चिप-आराखड्यांची तपासणी करणाऱ्या व्हीसीएस या प्रोग्रामवर १६ कोअरचा नवा प्रोसेसर त्याच पिढीतल्या १६ कोअरच्या जुन्यापेक्षा ६६ टक्के जास्त काम उरकतो, केवळ कॅश तिप्पट केल्यामुळे. कोअर तेवढेच! माझ्या बाजूचा आकडा असूनही मी तो विक्रेत्याचा आकडा म्हणूनच वाचतो. पण दिशा कळायला तो पुरतो: ज्याचं काम कॅशमध्ये मावतं त्याला नंदनवन, ज्याचं मावत नाही त्याला त्याच पैशात काहीच नाही. एकाच चिपच्या पोटात दोन वेगळ्या किमती.

दुसरं खिंडार खोल आहे, आणि ते बेंचमार्क प्रामाणिक असला तरी बुजत नाही. जगातल्या महासंगणकांची टॉप ५०० यादी लिनपॅक या चाचणीवर ठरते. तिच्यात भरगच्च सारण्यांचं गणित असतं, आकडे एकदा जवळ आणले की पुन्हा पुन्हा वापरता येतात. जपानच्या कोबे शहरातला फुगाकू २०२० ते २०२१ या काळात तिथे पहिला होता, ४४२ पेटाफ्लॉप्सनं. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या फ्रंटियरनं १,१०२ पेटाफ्लॉप्स करून त्याला मागे टाकलं. अडीचपट. पण एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी आहे. ती प्रवाह-गणना, हवामान, बांधकामाचं विश्लेषण अशा विरळ सारण्यांच्या कामाची नक्कल करते. तिथे फुगाकूचे १६ पेटाफ्लॉप्स, फ्रंटियरचे १४. अडीचपट मोठा पहिलवान त्या आखाड्यात चीतपट. कारण उघड आहे. फुगाकूच्या ४८ कोअरच्या ए६४एफएक्स प्रोसेसरला मेमरी चिपशेजारीच जोडलेली, सेकंदाला १,०२४ गिगाबाइट पुरवणारी. फ्रंटियरचं बळ मुख्यतः जीपीयूंत आहे, त्यामुळे ही तुलना प्रोसेसर-प्रोसेसरची नाही, हे कबूल. पण लिनपॅकचे ४४२ आणि एचपीसीजीचे १६ हे तर एकाच यंत्राचे आकडे आहेत. एका प्रामाणिक चाचणीपासून दुसऱ्या प्रामाणिक चाचणीपर्यंत जाताना हातात चार टक्केही उरत नाहीत. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्यूष’ हा महासंगणक होता, झिऑनांवर चालणारा, चार पेटाफ्लॉप्सचा. बातम्यांत तो चारचा आकडा आला. पावसाच्या मॉडेलला त्यातले किती मिळतात हे कुणी छापत नाही, कारण तो आकडा बातमीसारखा दिसत नाही.

एक गोष्ट सरळ मान्य करतो, नाहीतर हा लेख खोटा होईल. ज्यांचं काम खरोखर तुकड्या-तुकड्यांत फुटतं त्यांनी तक्ताच करावा. ब्लेंडर किंवा व्ही-रेवर फ्रेम काढणारा मुंबईतला अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, लाखो ओळींचा कोड कंपाइल करणारं ऑफिस: यांना दर कोअरी भाव जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. सगळ्या भांडणात फसगत हीच आहे. प्रोसेसरची जाहिरात आणि परीक्षणं दोन्ही रेंडरिंगनंच सुरू होतात, कारण ते चित्रात छान दिसतं आणि कोअर वाढवले की हमखास वाढतं. रेंडरवाल्यांचा तक्ता मग पंपवाल्यांच्या, बँकवाल्यांच्या, कॉलेजवाल्यांच्या गळ्यात पडतो.

विजेच्या बिलाचा मुद्दा काही जण माझ्या बाजूनं मांडतात. मला तो फारसा पटत नाही. दोन प्रोसेसरांत ३०० वॉटचा फरक असला आणि यंत्र वर्षभर अखंड चाललं तरी २,६२८ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरा, एसीचा अर्धा भार वर धरा, चाळीसेक हजार. लाखांच्या यंत्रापुढे हा वाद किरकोळ. हजारो यंत्रांच्या डेटा सेंटरला तो किरकोळ नसतो, पण ते लोक आपला तक्ता वापरत नाहीत.

आणि ज्या किमतीला भागायचं ती किंमत तरी कुठली? इंटेलनं एप्रिल २०१९ मध्ये ५६ कोअरचा, ४०० वॉटचा प्लॅटिनम ९२८२ जाहीर केला. तो बोर्डावर डाख देऊनच यायचा, सुटा मिळत नव्हता आणि त्याची किंमत कधी यादीत आलीच नाही. पण आलेखांत तो रुबाबात उभा होता. १२८ कोअरचा झिऑन ६९८०पी २०२४ च्या अखेरीस यादीत १७,८०० डॉलरला होता, जानेवारी २०२५ मध्ये १२,४६० ला. डिसेंबरमधला तक्ता जानेवारीत खोटा, चिपमध्ये एक ट्रान्झिस्टरही न बदलता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने झिऑन आणून वर्कस्टेशन बांधणाऱ्यांचा पंथ वेगळाच. २०१६ चा १४ कोअरचा झिऑन तिथे मोबाइलच्या कव्हरसारखा विकला जातो. व्हर्च्युअल मशिनं शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं जरूर घ्यावा. पण थ्री-डी मॉडेलिंगमध्ये बहुतेक वेळ एकच कोअर राबत असतो, आणि तिथे असा जुना १४ कोअरवाला घरच्या साध्या नव्या डेस्कटॉपकडून हरतो. डिझाइनरचा महिन्याचा पगार आणि रोज त्याच्या फिरत्या चकतीपुढे गेलेली पंचेचाळीस मिनिटं यांचा गुणाकार त्या पंथात कुणी करत नाही.

शेवटचा बचाव सगळ्यांत मराठी आहे: ‘ऑडिटला काय सांगायचं?’ कॉलेजची, महामंडळाची खरेदी निविदेनं होते, सर्वांत कमी भाव देणारा एल-वन ठरतो, आणि निविदेत ‘किमान ६४ कोअर’ लिहिणं सुरक्षित वाटतं. पण कोअर लिहिण्याची सक्ती कुणी केली? महासंगणकांच्या निविदांमध्ये खरे प्रोग्राम चालवून वेळ दाखवायची अट असते, आणि लेखापरीक्षण त्यांचंही होतं. ‘सोबत जोडलेली फाइल अमुक सॉल्व्हरवर अमुक तासांत सुटली पाहिजे’ हेसुद्धा मोजता येणारं, सही करता येणारं वाक्य आहे. बोली लावणाऱ्याकडे यंत्र नसेल तर ईपिक आणि झिऑन दोन्ही क्लाउडवर तासाच्या भाड्यानं मिळतात.

आम्ही दुसऱ्या खेपेला तेच केलं. दोन दुपारी, चार प्रकारची भाड्याची यंत्रं, आमची पंपाची केस. बिल एका ऑफिस खुर्चीपेक्षा कमी आलं. जो प्रोसेसर घेतला तो माझ्या जुन्या तक्त्यात खालून तिसरा होता. चौसष्ट कोअरचं ते वर्कस्टेशन आम्ही विकलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मार्केटिंगला दिलं, ते त्यावर पंपांचे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ रेंडर करतात आणि म्हणतात, असं यंत्र आजवर पाहिलं नाही.